बैल गेला, पण ‘घाणा’ राहिला: अशी आणखी उदाहरणे कोणती?

प्रश्न (अंबाजोगाई)
मागच्या आठवड्यात आई भजी तळत होती आणि ‘एवढा शेवटचा घाणा काढते, मग बसते’ असे म्हणाली, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने घाणा म्हणजे काय, असे विचारले. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरतो आहे आणि लाट नावाच्या जड लाकडी दांड्याखाली तेलासाठी करडई भरडली जाते आहे, हे सारे मी त्याला सांगितले. परंतु आमच्याकडे ‘लाकडी घाणा’ अशी पाटी असलेल्या दुकानातही आता विजेची मोटरच फिरते. घाण्यात एका वेळी घालायचा माल तो एक घाणा, आणि त्यावरून कढईत एका वेळी सोडलेली भजी हाही घाणाच. असे आणखी कोणते शब्द आपल्याकडे आहेत?

उत्तर १ (पाथरी)
आणेवारी, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले याचा अंदाज. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पुढे आणा व्यवहारातून गेला आणि सरकारी कागदांवर ‘पैसेवारी’ आली. तरीही पावसाने ओढ दिली की आमच्या पारावर ‘यंदा आणेवारी किती निघते’ हीच चर्चा असते, आणि ती करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आणा पाहिलेलाही नसतो. (पैसा तरी आता कुणाच्या खिशात आहे म्हणा!) याउलट बैलांकरवी विहिरीचे पाणी काढायची मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, सोल (तिचे दोर), थारोळे (ती रिकामी व्हायची जागा) हे शब्दही बोलण्यातून गेले. ‘मोटस्थळ’ (मोटेच्या पाण्यावर भिजणारी जमीन) तेवढे जमिनीच्या जुन्या कागदांत सापडते. शब्द माप झाला तर टिकतो, नुसते वस्तूचे नाव राहिला तर वस्तूबरोबर जातो, असे मला वाटते.

उत्तर २ (नांदेड)
घटकेचेही तसेच झाले. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की 24 मिनिटांची एक घटका झाली, अशा साठ घटकांचा अहोरात्र. ‘त्याची घटका भरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा भरते ती हीच वाटी. मात्र आपल्या नियमात ‘चित्रफीत’ बसत नाही. मोबाइलवरच्या चित्रणात फीत कुठेच नसते, ते मापही नव्हे, तरी वर्तमानपत्रांत ‘चित्रफीत प्रसारित झाली’ असे छापून येते.

उत्तर ३ (पाथरी)
छापून येते, हे मान्य. पण ‘मला ती चित्रफीत पाठव’ असे आपल्याला घरात कुणी म्हटले आहे काय?