मदत हवी आहे: फुटलेला डोळा, भरलेलं पोट, भूल देताना स्नायू शिथिल करायला स्कोलीन की रोक्युरोनियम?

स्कोलीनने डोळ्यातला दाब साधारण 6 ते 10 मिमी पाऱ्याने चढतो, दोन-चार मिनिटांत कमाल गाठून उतरतो. पण अर्धवट शिथिल पेशंट श्वासनलिकेत ट्यूब घालताना खोकला, तर तोच दाब 30-40 ने उसळतो आणि डोळ्यातला ऐवज बाहेर यायची भीती. म्हणून प्रोपोफॉल (भुलीचं औषध), किलोला 1.2 मिग्रॅ रोक्युरोनियम, पूर्ण 60 सेकंद थांबणं, डोकं थोडं वर, मास्कचा भार डोळ्यावर नाही, इतपत ठीक.

अडचण अशी: तोंड कमी उघडतं, मान आखूड, म्हणजे ट्यूब घालणं अवघड, आणि सुगामाडेक्स (रोक्युरोनियमचा उतारा, किलोला 16 मिग्रॅ लागेल!) हाताशी नाही. अशा वेळी लवकर ओसरतं म्हणून तुम्ही स्कोलीनच देता का? खोकला दाबायला आधी शिरेतून लिग्नोकेन देत असाल तर किती, केव्हा? ट्यूब काढताना खोकला कसा टाळता? भरल्या पोटी डीप एक्स्ट्युबेशन (भूल उतरायच्या आधीच ट्यूब काढणं) मला तरी पटत नाही.