'ही काय एसटी आहे का?' म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

परभणीचा पारवा

परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. कुणी एक आयटीवाले साहेब हैदराबादहून संभाजीनगरला येत होते. त्यांच्या खिडकीच्या सीटवर डोक्याला रुमाल गुंडाळलेले एक काका बसले होते. सांगून उठेनात. "पोरानं खिडकीचीच काढून दिलीय" एवढंच म्हणत राहिले. हवाईसुंदरी आली, तिची वरिष्ठ आली, विमान खोळंबलं. शेवटी काका मधल्या सीटवर सरकले, जाता जाता काहीतरी पुटपुटले. संपलं. त्यावर साहेबांचा निकाल: "अशांना थेट नो-फ्लाय यादीत टाका, पुन्हा विमानातच घेऊ नका. ही काय एसटी आहे का?" आणि खाली टाळ्याच टाळ्या.

साहेब, काकांची सीट कुठली हे काकांना कुणी सांगितलं होतं? आजकाल तिकीट काढलं म्हणजे नुसता आत शिरायचा परवाना मिळतो. सीटचे पैसे निराळे. खिडकीचे निराळे, पुढच्या रांगेचे निराळे, पाय लांब करायचे तर अजून निराळे. पैसे नाही भरले की मशीन देईल ती गोड मानायची, आणि मशीन देते मधली. नवरा पुढे, बायको मागे. मायलेकरांचीसुद्धा ताटातूट व्हायला लागली, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएला आदेश काढावा लागला, की एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, बारा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर त्याला आईबापापैकी एकाच्या शेजारी बसवा. लेकराला आईजवळ बसवा, हे सरकारनं लिहून द्यावं लागतं!

म्हणजे भांडण कंपनीनं लावायचं, त्यावर पैसे कमवायचे, आणि कुणाचा आवाज चढला की तो 'उपद्रवी प्रवासी'. मिटवायला पुढे कुणाला करतात? पंचविशीच्या पोरीला. ज्यानं सीटचे भाव ठरवले तो गुरुग्रामला एसीत बसलाय.

चिकलठाणा काउंटर

पंचविशीच्या पोरीचा एवढा कळवळा आहे तर तिचंही ऐका. मी संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर काउंटरच्या मागे उभी राहिलेली बाई आहे. कंपनीचं नाव घेत नाही.

बोर्डिंग पास तोंडावर फेकून मारलाय मला एकानं. काउंटर बंद झाल्यावर आला होता. "तू ओळखत नाहीस मी कोण आहे" हे वाक्य तर आम्ही हजेरीसारखं ऐकायचो. "तुमच्या साहेबाला बोलव" म्हणायचे. साहेब आला की त्याच्याशी गोड बोलायचे, मघाची शिवी फक्त माझ्यासाठी असायची.

आणि सीटचं म्हणाल तर प्रत्येक बदल पैशासाठी नसतो. एटीआरसारख्या छोट्या विमानात माणसं कमी असली की तोल सांभाळायला काहींना पुढून मागे किंवा मागून पुढे बसवावं लागतं. कुठल्या भागात किती माणसं, हे लोडशीटवर असतं आणि त्यावर कॅप्टनची सही लागते. हे समजावून सांगितलं की समोरचा म्हणतो, "आम्ही गावाकडचे दिसलो म्हणून मागे टाकलं." एका काकूंनी तर पिशवीतून डबा काढून तिथंच मांडी घातली, म्हणाल्या मी इथंच जेवणार, मग बघते कोण उठवतं. मला हसूही येत होतं आणि घाम पण फुटला होता, कारण उशीर झाला की त्याची नोंद माझ्या नावावर.

तुमच्या पोस्टमधले काका पुटपुटले म्हणता. काय पुटपुटले ते लिहिलं नाहीत. आम्हाला बरोबर ऐकू येतं.

बीडकर, मुक्काम पुणे

ताईंशी सहमत. मराठवाड्यातल्या माणसानं या विषयावर जरा जपूनच बोलावं. मार्च 2017 आठवा. तेव्हाच्या उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड, पुणे–दिल्ली विमान, बिझनेस क्लासची सीट. त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता! दिल्लीत उतरायला तयार नाहीत, आणि एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं हे नंतर स्वतःच कॅमेऱ्यासमोर छाती काढून सांगितलं. वर इकडे त्यांच्या समर्थनार्थ उमरगा बंद. आज जे नो-फ्लायचे नियम आहेत ते त्याच प्रकरणानंतर आले. देशाला ही आपली देणगी.

लातूरकर अण्णा

काय सांगू लालाव भाऊ? एक खासदार चुकला म्हणून अख्ख्या मराठवाड्यानं विमानात हात जोडून बसायचं का? 2022 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क–दिल्ली विमानात एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर ज्यानं लघवी केली तो काय औसा तालुक्यातला होता? बिझनेस क्लासमध्ये बसून प्यालेला सुशिक्षित माणूस होता तो. त्याला किती बंदी झाली? चार महिने. आणि धोतरवाल्या काकांना म्हणे थेट यादीत टाका.

अन् एसटीला नावं ठेवू नका. एसटीत सीटचा न्याय जागेवर होतोय. खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली. दोन रुमाल पडले तर कंडक्टर बघतो, लेकुरवाळी कोण, म्हातारं कोण, आणि "सरका हो जरा" म्हणतो. तिसरा माणूस दोघांच्या सीटवर बसतो अन् उदगीरपर्यंत तिघं सोयरे होतात.

अंबाजोगाईची वकील

अण्णा, रुमाल टाकून जागा धरणं हा न्याय नाही, दांडगाई आहे. गरोदर बाईला उभं ठेवून रुमालवाला बसलेला मी पाहिलाय. तुमचा कंडक्टर तेव्हा तिकिटं मोजत होता.

आता पोस्टबद्दल. "थेट यादीत टाका" असं काही नसतं. सप्टेंबर 2017 च्या डीजीसीएच्या नियमात तीन पायऱ्या आहेत. तोंडानं त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत बंदी. अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतेल असं काही केलं, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न केला, तर किमान दोन वर्षं. आधी कॅप्टननं तक्रार करायची. मग निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती तीस दिवसांत निर्णय देते. समितीत दुसऱ्या विमान कंपनीचा माणूस असतो आणि प्रवासी किंवा ग्राहकांच्या बाजूचाही. तीस दिवसांत निर्णय झाला नाही तर प्रवासी मोकळा. निर्णय विरोधात गेला तर साठ दिवसांत अपील. जागेवरून उठायला वेळ लावला आणि मग उठला, एवढ्यावर कुठलीही समिती बंदी घालेल असं मला वाटत नाही. सांगितल्यावर शेवटपर्यंत हललाच नसता, तर खाली उतरवायचा अधिकार कॅप्टनला आहे. तो असलाच पाहिजे.

परभणीचा पारवा

वकीलबाई, समिती बसायच्या आतच कंपनी तीस दिवस बंदी घालू शकते, ते नाही सांगितलंत. आधी शिक्षा, मग सुनावणी. जानेवारी 2020 मध्ये विमानात एका पत्रकाराला डिवचणाऱ्या विनोदवीर कुणाल कामराला इंडिगोनं परस्पर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली, पुढे समितीनं ती तीन महिन्यांवर आणली. बाकी कंपन्यांनीही लागोपाठ दारं बंद केली, जेव्हा की एका कंपनीची यादी दुसरीवर बंधनकारक नाही असं तुमच्याच नियमात आहे. त्याची बाजू मी घेत नाही, वागणं मलाही आगाऊच वाटलं होतं. पण त्याच्यामागे वकील होते, बातम्या होत्या. आमच्या काकांच्या मागे कोण आहे? पोरगा, तो पण कंपनीत शिफ्टला.

स्टील सिटी जालना

सीटवरून विषय निघालाच आहे तर सांगतो. जालना–मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली. रिकामा डबा समोर उभा, हवी ती सीट. ऑगस्ट 2025 ला गाडी नांदेडला नेली. आता तिथून भरून येते. आमच्या जागा गेल्या कुठं?

नांदेडी भाऊ

गाडी तुमच्या बापाची होती का? नांदेड विभागाचं मुख्यालय नांदेडला, अन् वंदे भारत जालन्यातून सुटायची. तवा नाही वाटलं काही?

लातूरकर अण्णा

जालनेकरांचं दुःख आम्हाला विचारा. 2017 ला आमची लातूर–मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली. लातूरच्या माणसानं लातूरच्या गाडीत चढायचं तर आतून कन्नडमध्ये "जागा नाही" ऐकायचं. आंदोलनं झाली, निवेदनं झाली, मग आठवड्यातले काही दिवस बिदर अन् काही दिवस लातूर असा तोडगा. ही काय वाटणी आहे का शेताची?

नांदेडी भाऊ

लातूरकरांनी तर बोलूच नये. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादाच्या वेळी काय केलं ते विसरलो नाही आम्ही. तुम्हाला गाडी पाहिजे, आयुक्तालय पाहिजे, विमानतळ पाहिजे. बरं विमानतळ बांधून दिलं, त्यावर विमान कुठंय?

लातूरकर अण्णा

विमान नाही म्हणूनच लातूरचा माणूस विमानात भांडत नाही! आमचं रेकॉर्ड साफ आहे.

बीडकर, मुक्काम पुणे

बीडला रेल्वे यायची म्हणून आमची हयात गेली आणि तुम्ही शेवटचं स्टेशन कुठलं यावर भांडताय. चालू द्या.

चिकलठाणा काउंटर

वा. बाईच्या तोंडावर पास फेकला यावर दोन शब्द नाहीत, गाडी कुठून सुटावी यावर अर्धा धागा.

नांदेडी भाऊ

ताई, वाईट झालं ते. पण आमचंही ऐका ना. मी एकदा वडिलांना घेऊन दिल्लीला चाललो होतो, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. पैसे भरून पुढची सीट घेतली. काउंटरवर सांगतात, विमान बदललंय, सीट दहाव्या रांगेत. का, तर उत्तर नाही. पैसे परत कधी, तर "ॲपवर टाका". मी ओरडलो. हो, ओरडलो. माझ्यामागे लगेच सुरक्षावाला येऊन उभा राहिला. वडील व्हीलचेअरवरून माझी बाही ओढत होते, "गप, गप, घेणार नाहीत रे विमानात." सत्तरीचा माणूस, पैसे भरूनही भेव वाटून घेऊ लालता.

चिकलठाणा काउंटर

विमान बदललं तर सीटचा नकाशाच बदलतो, ते आमच्या हातात नसतं. पण पैसे तिथंच परत द्यायची सोय काउंटरला दिलेली नसते, हे मात्र खरं आहे. आम्ही वर लिहून कळवलं होतं. वरून उत्तर आलं, "प्रवाशाला ॲपकडे वळवा."

परभणीचा पारवा

हे! हेच मी पहिल्यापासून बोंबलतोय. नाकारायचा अधिकार काउंटरला, भरपाईचा अधिकार ॲपला. ओव्हरबुकिंगचं पण तेच. जास्त तिकिटं विकून माणूस खाली ठेवला आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी लागते. चोवीस तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्यापुढे गेलं तर चौपट, कमाल 20,000. आधी तर स्वखुशीनं थांबणारे शोधायचे असतात. किती जणांना काउंटरवर कुणी हे आपणहून सांगितलं? प्रवाशाच्या गुन्ह्याच्या तीन पायऱ्या पाठ, कंपनीच्या गुन्ह्याची एक पण नाही.

अंबाजोगाईची वकील

कंपनीला दंड होतच नाही असं नाही. त्या लघवी प्रकरणात एअर इंडियाला 30 लाख दंड झाला, कॅप्टनचा परवाना तीन महिने निलंबित झाला. जानेवारी 2024 ला धुक्यात अडकलेले लोक मुंबईत विमानाशेजारी डांबरावर बसून जेवले, तेव्हा इंडिगोला 1 कोटी 20 लाख आणि विमानतळालाही भुर्दंड. पण त्याच दिवसांत दिल्लीत उशीर जाहीर करणाऱ्या पायलटला एका प्रवाशानं ठोसा मारला. त्या पायलटनं धुकं आणलं होतं का? तुमचा राग रास्त आहे, पारवा. तो ज्याच्यावर निघतो तो माणूस चुकीचा असतो, एवढंच ताई सांगतायत.

आणि भरपाई मागायला ओरडावं लागत नाही. लेखी मागा, पोच घ्या, नाही दिली तर ग्राहक आयोग आहे. 'का नाकारलं' हे काउंटरवर कागदावर लिहून मागितलं की निम्म्या वेळा सीट सापडते.

परभणीचा पारवा

मान्य, मान्य. काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नये. आता कागद मागायला शिकू आणि तिकिटाबरोबर एक वकील बाळगू. त्याचे पैसेही सीटसारखे वेगळे लागतील. ताई, तुमच्यावर ज्यानं पास फेकला त्याला मात्र तीन महिने काय, तीन वर्षं एसटीनंच फिरवा.

लातूरकर अण्णा

एसटी काय शिक्षा आहे का? आमदार-खासदारांसाठी राखीव सीट आहे तिच्यात, पाटी रंगवलेली. तिथं बसलेला एक पण बघितला नाही आजवर.

स्टील सिटी जालना

ते बसले असते तर आमची गाडी नांदेडला गेली नसती.

नांदेडी भाऊ

झालं याचं पुन्हा सुरू.