मदत हवी आहे: कोटणीसांचं 'तांगशियन' मराठीत नेमकं कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर शाळकरी मुलांसाठी एक पुस्तिका लिहिते आहे. मजकूर जवळजवळ झालाय, गाडी अडलीये ती नकाशापाशी. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले ते हेबेई प्रांतात, बाओडिंग शहराच्या पश्चिमेला असलेल्या 'तांगशियन' नावाच्या डोंगराळ तालुक्यातल्या एका गावात. आपल्या सोलापूरच्या माणसाने जिथे शेवटचा श्वास घेतला, त्या जागेचं नाव तरी धड छापावं असं मनापासून वाटतं.

रोमन लिपीतल्या जुन्या मजकुरात तालुक्याच्या नावाच्या शेवटी 'एचएसआयईएन' दिसतं, नव्या नकाशांवर 'एक्सआयएएन', आणि इंग्रजी लेखांत नुसतं 'तांग काउंटी'. गावाचंही तेच: कुठे 'को-कुंग', कुठे 'गेगोंग'. ही एकच ठिकाणं ना? आणि तालुक्याचं नाव तांग राजघराण्यावरून पडलं का? मुलं हे विचारणारच. चिनी येणाऱ्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद:

ताई, ठिकाणं एकच आहेत. चिनी शब्द रोमन लिपीत लिहायच्या दोन पद्धती आहेत: जुनी स्पेलिंगं वेड-जाइल्स पद्धतीची, नवी पिनयिनची. चीनने पिनयिन १९५८ मध्ये स्वीकारली.

खरी मेख पहिल्या अक्षरात आहे. वेड-जाइल्समध्ये नुसता 'टी' म्हणजे आपला त, आणि 'टी'पुढे वर स्वल्पविरामासारखी खूण असली की थ. छापताना ती खूण बहुतेक वेळा गळते, म्हणून घोळ. पिनयिनमध्ये त साठी 'डी' आणि थ साठी 'टी' वापरतात. तुमच्या तालुक्याचा उच्चार 'थांग'. इंग्रजीला जे खुणेशिवाय जमत नाही, ते देवनागरीत सरळ लिहिता येतं, तेव्हा बिनधास्त 'थांगश्येन' लिहा. याच न्यायाने गाव 'ककुंग'च्या जवळ जातं आणि बाओडिंग 'पाओतिंग' होतं. जुन्या टपाली नकाशांवर ते तसंच आहे.

'श्येन' म्हणजे तालुका किंवा काउंटी. नाव एकाक्षरी असलं की चिनी माणूस हा शब्द गाळत नाही, नुसतं 'थांग' म्हणत नाही. म्हणून नकाशावर तो जोडूनच छापा. 'थांगश्येन काउंटी' मात्र नको, एकच गोष्ट दोनदा होते.

नाव राजघराण्यावरून नाही. ते घराणं ६१८ सालचं, आणि या नावाचा तालुका त्याच्या कितीतरी आधी, हान राजघराण्याच्या काळातही होता. परंपरा सांगते की पुराणातला सम्राट याओ गादीवर येण्यापूर्वी 'थांग'चा जहागीरदार होता आणि ती जहागीर इथलीच. शांशी प्रांतही याओवर हक्क सांगतो, त्यामुळे पुस्तिकेत 'असे मानतात' एवढंच लिहा. तालुका आणि राजघराणं, दोन्हींच्या नावाचं चिनी चिन्ह मात्र तेच आहे, म्हणून सगळ्यांचा गोंधळ होतो.

मूळ धागाकर्ती:

खूप आभार! नकाशावर 'थांगश्येन' करते, पण 'हेबेई' आणि 'बाओडिंग' मुलांना ऍटलासमध्ये तसेच सापडतील म्हणून तसेच ठेवू का? आणि डॉक्टरांचं चिनी नाव 'के दिहुआ' असं वाचलंय, त्याचाही उच्चार याच रीतीने 'ख तिहुआ' होईल ना?