गेमसाठी आणि पिक्चरसाठी बजेटातला टीव्ही: सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

विश्रामबागहून

धाकट्या भावानं दोन वर्षं पैसे साठवून पीएस५ हा गेमचा कन्सोल घेतला. घरातला टीव्ही मात्र जुना, ३२ इंची, एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८. गेममधली बारीक अक्षरं त्यावर लागत नाहीत, म्हणून तो स्टूल ओढून टीव्हीला नाक लावून बसतो. आईला ते बघवत नाही. बाबांना जेवणानंतर जुने मराठी पिक्चर आणि नाटकांची रेकॉर्डिंग लागतात. नाट्यपंढरीतला माणूस, नट बोलताना त्याचा चेहरा नीट दिसला नाही की अस्वस्थ होतो.

बजेट ३० हजार. हॉल दहा बाय बारा, सोफ्यापासून भिंत सात फूट.

कुठली कंपनी चांगली हे मी विचारत नाही. टीव्ही घरी आल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत असं काय कळलं, जे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, ते हवंय. चुकलं असेल तर तेही लिहा.

मिरजेहून

तुमच्यासारखंच घर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मागच्या वर्षी ४३ इंची ४के (म्हणजे ३८४० बाय २१६०) टीव्ही घेतला. पहिल्याच संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, मी बटण दाबतो आणि गडी नंतर उडी मारतो." मला वाटलं, कंट्रोलर बिघडला. तीन दिवस त्याच्या मागे गेले. मग त्याचा मित्र आला, त्यानं रिमोट घेऊन पिक्चर मोडमध्ये 'गेम' निवडलं, आणि त्या क्षणी सगळं जागेवर आलं.

नंतर समजून घेतलं ते असं. टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. कडा उठावदार करतो, खरखर पुसतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं घालतो. या सगळ्याला वेळ लागतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. नेहमीच्या मोडमध्ये टीव्ही याच्या पाच-सहा पट वेळ खाऊ शकतो. पिक्चर बघताना ते कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. गेममध्ये मात्र बोट पुढे जातं आणि डोळा मागे राहतो. गेम मोड यातली बहुतेक कामं बंद करतो.

म्हणून घेताना 'एएलएलएम' आहे का, ते विचाराच. ते असलं की कन्सोल चालू झाल्यावर टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो. आमच्यात ते नाही, रोज रिमोटनं बदलावं लागतं.

दुसरं, एचडीएमआयची भोकं मोजा, म्हणजे बॉक्स, कन्सोल जोडायची. आमच्याकडं दोनच आहेत. एक सेट टॉप बॉक्सला, एक कन्सोलला, आणि साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) जागाच उरली नाही. एचडीएमआयनं जोडायचा तर साउंडबार 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं) लिहिलेल्या भोकातच लागतो, तिथं आधीच बॉक्स बसलेला. तीन हवीतच.

माधवनगरहून

एकच सांगतो. ४३ इंची म्हणजे सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद, ५५ इंची म्हणजे १२२. तेवढ्या मापाचा पेपर कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. सोफ्यावरून, खुर्चीवरून, जमिनीवर बसून बघा. आम्ही ५० इंचीचा कागद लावला आणि देव्हाऱ्याचं दार उघडेना, तेव्हा बेत बदलला.

कुपवाडहून

मी टीव्ही दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलावर काय येतं तेवढंच लिहितो.

स्वस्त टीव्हीत सगळ्यात जास्त जातो तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड. आवाज येतो, चित्र नाही. टॉर्च तिरका मारला की आत पुसट चित्र हलताना दिसतं. म्हणजे पॅनेल (चित्र दाखवणारी काच) ठीक आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. याचं कारण बहुतेक वेळा एकच. दुकानातला भडक मोड घरीही तसाच ठेवलेला असतो, बॅकलाइट शंभरावर. पट्ट्या तापतात आणि तीन-चार वर्षांत एकेक दिवा मरतो. रात्री ट्यूब बंद करून पिक्चर बघताना बॅकलाइट चाळीस-पन्नास पुरतो. डोळ्यालाही बरं आणि पट्ट्यांनाही.

पट्ट्या बदलता येतात, खर्च झेपण्यासारखा असतो. पॅनेल फुटलं तर मी सरळ सांगतो, नवा घ्या, कारण पॅनेलची किंमत जवळजवळ टीव्हीइतकीच असते. टीव्ही आडवा झोपवून गाडीत घालू नका. उभाच न्यायचा, काचेवर हात न दाबता. घरपोच आला तर खोका फोडण्यापासून चित्र लागेपर्यंत मोबाईलवर शूटिंग करा, आणून देणारं पोरगं दुकानाचं असो की कंपनीचं.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरलं की प्लग तर काढाच, पण डिशची वायरसुद्धा बॉक्समधून काढा. लोक प्लग काढतात आणि वायर विसरतात. वीज जवळपास पडली की झटका डिशच्या वायरीतून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीच्या मदरबोर्डात जातो. वळवाच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडं अशा बोर्डांची रांग लागते. एचडीएमआयला कन्सोल जोडलेला असेल तर तोही त्याच साखळीत येतो, हे तुमच्या भावाला नक्की सांगा.

तासगावजवळून

आमच्याकडं ५५ इंची ४के आणला, द्राक्षाचं पैसं आल्यावर. पोरांनी हट्ट केला, आपणबी म्हटलं, येऊ दे मोठा. आणि घरात फ्री डिश. एवढ्या मोठ्या पडद्यावर साध्या चॅनेलचं चित्र लावलं की माणसाचं तोंड धुक्यात असल्यागत दिसतं. टीव्हीचा दोष न्हाई, येणारं चित्रच बारकं, ते ताणून ताणून किती ताणणार? जुन्या २४ इंचीवर तेच चॅनेल झकास दिसायचं.

४के बघायचं तर नेट पायजे. नेटफ्लिक्सवाले ४केला १५ एमबीपीएस मागतात, आणि तेबी सगळ्यात वरचा प्लॅन असंल तरच. आमच्या वस्तीवर मोबाईलच्या रेंजवर ते टिकत न्हाई. तर तुमच्या घरात काय येतंय ते आधी बघा, मग टीव्ही किती इंची ते. रात्री पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं, म्हणून स्टॅबिलायझर लावलाय. तो पैसाबी बजेटात धरा.

ईश्वरपूरहून

दुकानात टीव्ही बघायची माझी पद्धत सांगतो. भिंतीवर वीस टीव्ही एकाच समुद्रकिनाऱ्याच्या, एकाच पोपटाच्या चित्रानं झळकत असतात. त्यातून काही कळत नाही. मी पेन ड्राइव्हवर एक अंधारा प्रसंग नेला, रात्रीचा, एका कंदिलाचा. मोड 'मूव्ही' करायला लावला. दोन टीव्हींवर कंदिलामागची भिंत काळी न दिसता करडी दिसत होती, आणि एका टीव्हीच्या कोपऱ्यातून उजेड फुटत होता. तिथंच निम्मा निर्णय झाला.

मग बाजूला सरकून बघितलं. पॅनेलचे व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार सांगतात. साधारणपणे व्हीए पॅनेल समोरून काळा रंग चांगला दाखवतं, पण बाजूनं रंग उडतात. आयपीएस बाजूनंही सारखं दिसतं, काळा मात्र तेवढा गडद नाही. पाहुणे खाटेवर, खुर्च्यांवर पसरून बसणारं घर असेल तर आयपीएस बघा. तुमच्याकडं एकच सोफा समोर असेल तर व्हीए.

'१२० हर्ट्झ' (सेकंदाला १२० चित्रं) या आकड्यावर थांबा. पुढे 'मोशन रेट'सारखा शब्द असेल तर पॅनेल बहुतेक ६० चंच असतं. या बजेटात ६०च धरून चला, बिघडत नाही. पीएस५ वरचे बहुतेक गेम ६० किंवा ३० वरच चालतात. पीएस५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत तुमचा टीव्ही खरोखर काय घेतो ते लिहून येतं, पहिल्याच दिवशी ते उघडून बघा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचं 'एनहान्स्ड' की काहीसं चालू करा. प्रत्येक कंपनीत नाव वेगळं असतं, आणि अनेकदा ते बंदच असतं.

एचडीआरचंही (उजळ-गडद भागांतला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचंही) तसंच. खोक्यावर एचडीआर लिहिलं म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो, एवढंच. दाखवायला उजेड लागतो, तो स्वस्त टीव्हीत नसतो. माझ्याकडं एचडीआर चालू केलं की गेममधली गुहा नुसती अंधारी व्हायची. महिनाभर डोळे ताणले, मग कन्सोलमधून बंद केलं.

सांगली, गावभागातून

सगळ्यांनी चित्राचं लिहिलं. मी भिंतीवरून टीव्ही काढायचं लिहिते.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ च्या पुराचा अंदाज धरून आम्ही खालच्या वस्तू माळ्यावर टाकल्या होत्या. टीव्ही भिंतीवर साडेचार फुटांवर होता, वाटलं, इथवर येत नाही. आलं. परत आलो तेव्हा त्याच्या कडेतून गाळ ओघळत होता. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून तो घेतला होता. ते काही बोलले नाहीत, फडकं घेऊन पुसत बसले.

पुढचा टीव्ही घेताना मी दुकानदाराला एवढंच विचारलं की वजन किती आणि दोघांना उचलून जिन्यानं नेता येईल का. म्हणून ४३ इंचीच घेतला, ऑफरमध्ये ५५ मिळत असतानाही. भिंतीची पट्टी वरून उचलून काढता येते अशी लावली. पाय, स्क्रू आणि थर्माकोलसकट खोका माळ्यावर. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा दहा मिनिटांत टीव्ही खोक्यात आणि खोका दुसऱ्या मजल्यावर. तोच अजून चालू आहे. नदीकाठी राहणाऱ्यांनी इंच ठरवताना जिनाही मोजावा.

मिरजेहून, सतारमेकर गल्लीजवळ

आवाजाचं कुणी लिहिलं नाही. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची तार लावताना लोक श्वास रोखतात, तिथं असा आवाज ऐकवत नाही. टीव्हीवर चार हजार कमी घालवा आणि त्याचा साधा साउंडबार घ्या. बाबांच्या नाटकातला प्रत्येक शब्द कळेल.

हरभट रोडवरून

किमतीचं एक. घटस्थापनेपासून, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. आधी ३० हजारांना असलेला टीव्ही त्या हिशेबानं साडेसत्तावीस हजारांच्या आसपास यायला हवा. कुणी जुनी किंमत सांगत असेल तर कागदावर मांडून विचारा.

विश्रामबागहून (पुन्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टीव्ही लागला. आधी भिंतीला पेपर लावला, ५० इंची कागद आईला दाराला लागतोय असं वाटलं, म्हणून ४३ इंची ४के. तीन एचडीएमआय, एएलएलएम आहे, ६० हर्ट्झ. कंदिलाचा प्रसंग मीही नेला होता, दुकानातल्या पोरानं दोन मिनिटं कपाळाला आठ्या घातल्या आणि मग स्वतःच टक लावून बघायला लागला. साउंडबार धरून साडेएकोणतीस हजार.

भाऊ आता सोफ्यावर टेकून खेळतो. बॅकलाइट पंचेचाळीसवर ठेवलाय. रात्री बाबांनी नाटक लावलं, चेहऱ्यावरचा रंग मूव्ही मोडमध्ये थोडा पिवळसर वाटला म्हणाले, आणि दुसऱ्या अंकापर्यंत त्यांना तोच बरोबर वाटायला लागला.

आम्ही नदीपासून लांब आहोत, तरी खोका माळ्यावर ठेवलाय. बाबांनी त्यावर मार्करनं 'फेकू नये' असं लिहिलंय.