मदत हवी आहे: मुलगा ओटीए चेन्नईला रुजू होतोय, घरच्यांनी नेमकं काय करावं?

निळी_शाई
नमस्कार. मुलाची सीडीएस परीक्षेतून (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची परीक्षा) ओटीए चेन्नईला, म्हणजे सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, निवड झाली आहे. ऑक्टोबरचा कोर्स, ४९ आठवड्यांचा. हातात पाच आठवडे आहेत. आत्ता २.४ किमी धावायला ११ मिनिटं २० सेकंद लागतात, पुल-अप्स चार होतात, पोहता येत नाही. घरात कुणीही सैन्यात नाही, त्यामुळे विचारायला जवळचं माणूस नाही.
तीन गोष्टी हव्या आहेत. या पाच आठवड्यांत शरीराची तयारी कशी करावी? कागदपत्रं आणि बँकेचं काय उरकून ठेवावं? आणि तो तिथे गेल्यावर आम्ही फोनवर काय बोलावं, काय बोलू नये? "देवावर भरवसा ठेवा" हे आम्ही ठेवलाच आहे, कृपया करण्यासारखं काही सांगा.

पहाटवारा
ताई, अभिनंदन. आधी आकडे. सैन्याच्या जाहिरातींत प्रशिक्षणाला येण्याआधीची अपेक्षित तयारी दिलेली असते: २.४ किमी १० मिनिटं ३० सेकंदांत, ४० पुश-अप्स, ६ पुल-अप्स, ३० सिट-अप्स, आणि पोहण्याची प्राथमिक ओळख. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर सहा फेऱ्या, प्रत्येक फेरी १ मिनिट ४५ सेकंदांत. मुलाला ५० सेकंद कमी करायचे आहेत. पाच आठवड्यांत ते होण्यासारखं आहे, पण रोज जीव तोडून धावून नव्हे.
आठवड्यात चार दिवस धावू द्या. एक दिवस ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक १ मिनिट ४० ते ४५ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. एक दिवस ५ ते ६ किमी सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने. उरलेले दोन दिवस हलकं. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा. बहुतेक मुलं इथेच चुकतात. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत पळतात आणि दुखऱ्या नडग्या घेऊन पहिल्या पीटीला उभी राहतात. तिथे पहिल्याच आठवड्यापासून धावणं, ड्रिल, दोर आणि सतत दुडक्या चालीने जाणं-येणं असतं, पायांवरचा भार एकदम दुप्पट-तिप्पट होतो. हाड मजबूत व्हायला आठवडे लागतात, दम मात्र लवकर वाढतो. त्या फरकातच दुखापत होते.
पुल-अप्ससाठी दिवसातून चार-पाच वेळा बारला लटकून दोन-दोन काढायचे, थकेपर्यंत नाही. पोहण्याचा वर्ग उद्याच लावा. २५ मीटर न थांबता जमलं तरी खूप झालं. पोहता न येणाऱ्यांना जादा तासांना जावं लागतं, आणि तो वेळ झोपेतून किंवा रविवारातून जातो.
रक्तात हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व आत्ताच तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू करा. मनाने गोळ्या नकोत, आणि प्रोटीन पावडरीचे डबे ट्रंकेत तर अजिबात नकोत.

गवतफूल
पाय आणि त्वचा याबद्दल लिहिते, कारण याकडे कुणी बघत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे चेन्नईचा पावसाळा. कपडे वाळत नाहीत, मोजे ओले राहतात, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात नायटा होतो. साधं क्लोट्रिमॅझोल मलम आणि बुरशीरोधक पावडर सोबत द्या. दुकानात "लगेच आराम" म्हणून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं देऊ नका. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि औषधाला दाद देत नाही. ट्यूबवर बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं काही लिहिलं असेल तर ती नको.
धावण्याचे बूट दोन जोड घ्या आणि दोन्ही आत्तापासून आलटूनपालटून वापरू द्या. कोरे बूट पहिल्या दिवशी घातले की टाचेला फोड आलाच. फोड आला तर वरची कातडी काढायची नाही. स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वर कापडी चिकटपट्टी लावायची. मोज्यांचे निदान आठ-दहा जोड हवेत.

खातेवही
कागदपत्रांसाठी जॉइनिंग लेटरमधली यादी हाच शेवटचा शब्द. दुसऱ्या कुणाची जुनी यादी वापरू नका, कोर्सगणिक बदल होतात. अडतं ते बहुतेक नावात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख सगळीकडे अक्षरशः सारखी आहे का, हे आजच तपासा. दुरुस्तीला आठवडे जातात. पदवीचा अंतिम निकाल हाती नसेल तर विद्यापीठात आत्ताच अर्ज टाका. मूळ प्रती त्याच्याबरोबर जातील, प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती घरीही ठेवा.
पालकांना बंधपत्रावर सही करावी लागते. ते नीट वाचा: उमेदवाराच्या हातातल्या कारणासाठी प्रशिक्षण सोडलं तर खर्च वसूल होऊ शकतो. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही, केल्यास काढून टाकतात आणि खर्चही भरावा लागतो. घरात स्थळांची बोलणी सुरू असतील तर थांबवा.
प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन आहे. त्यातून मेस वगैरेची कपात होते, आणि ते पहिल्याच महिन्यात खात्यात दिसेल असं धरून चालू नका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर तीन महिन्यांची रक्कम खात्यात ठेवा. सगळ्यात मोठी अडचण ओटीपीची. फोन त्याच्याजवळ नसेल तेव्हा त्याच्या नंबरवर येणारा ओटीपी कुणालाच मिळणार नाही. म्हणून आपोआप कापली जाणारी सदस्यत्वं बंद करा, सिमला लांब मुदतीचं रिचार्ज मारा, खात्याला वारसदार लावा.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पोहण्याचा वर्ग लावला. आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं निघालं, उद्याच जाते. आता फोनचं सांगाल का? आणि "रगडा" आणि "रेलिगेट" हे दोन शब्द सारखे कानावर येतात, धास्ती वाटते.

चौथी_घंटा
रगडा म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेली अंगमेहनत: कोलांट्या, पुश-अप्स, पळापळ. बहुतेकदा सगळ्या गटाला एकत्र. मुलगा फोनवर त्याबद्दल बोलला तर ऐकून घ्या, "कुणाचं नाव सांग, मी तक्रार करते" असं लगेच म्हणू नका. पण मारहाण, इजा, पैसे मागणं हा रगडा नव्हे. ते प्लाटून (लहान तुकडी) किंवा कंपनी (मोठी तुकडी) कमांडरच्या कानावर गेलंच पाहिजे, आणि शक्यतो मुलाने स्वतः घालावं.
रेलिगेट म्हणजे मागून येणाऱ्या कोर्समध्ये टाकणं. पीटी, ड्रिल, अभ्यास यात कमी पडलं किंवा आजारपणात फार दिवस बुडाले तर होतं. ओटीएत कोर्स एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, म्हणजे सहा महिने लांबतं. ते हाकलणं नाही. रेलिगेट झालेली मुलं पुढे अधिकारी होतात, हे घरच्यांना ठाऊक असलं की मुलाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.
फोनचं म्हणाल तर पहिले काही आठवडे जवळजवळ नाहीच असं समजा. नंतर बहुधा रविवारी, पाच-दहा मिनिटं. फोन आला नाही याचा अर्थ काही झालं असा नसतो. मैदानावर असेल, झोपला असेल, किंवा सगळ्यांचीच सवलत बंद असेल. फोन आला की एकानेच बोला, बाकीच्यांनी स्पीकरवर ऐका. "जेवलास का, बारीक झालास का" यात सात मिनिटं जातात. त्याऐवजी विचारा: झोप किती तास? कुठे दुखतंय का? या आठवड्यात कुठली चाचणी? एवढं झालं की घरातली साधी बातमी सांगा, कुत्र्याची, शेजारच्यांची. त्याला तीच हवी असते.
दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात "मला परत यायचंय" हे वाक्य येईल असं धरूनच चाला. "ये" म्हणू नका, "लोक काय म्हणतील" तर मुळीच नको. "पुढच्या रविवारपर्यंत थांब, मग बोलू" एवढंच. सोडायचंच ठरलं तर तो लेखी अर्जाने, कंपनी कमांडरमार्फत होणारा निर्णय आहे, फोनवर होत नाही. मात्र झोप पूर्ण उडालेली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, निरवानिरवीचं बोलणं असं ऐकलं तर रविवारची वाट बघू नका. त्याच क्षणी अकादमीत फोन करून कंपनी कमांडरशी बोला. तुम्हाला स्वतःला आधार हवा असेल तर टेलिमानस १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे.
घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण झालं तर तेही कंपनीमार्फत कळवा. म्हणून त्याचा अकादमी क्रमांक, कंपनी, प्लाटून आणि अकादमीच्या टेलिफोन एक्स्चेंजचा नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून लावा. पत्रंही लिहा, पाकिटावर हाच क्रमांक घालून. दोन पानं पुरतात, ती तो परत परत वाचेल.
एक विनंती: त्याचा गणवेशातला फोटो, कंपनी, सरावाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. "मी अकादमीतून बोलतोय, तुमचा मुलगा रुग्णालयात आहे, पैसे पाठवा" असे फसवे फोनही येऊ शकतात. फोन ठेवा, एक्स्चेंजवरून खात्री करा.

निळी_शाई (सात आठवड्यांनी)
पुन्हा त्रास देते. काल फोन आला. उजवी नडगी दहा दिवस दुखतेय. "सिक रिपोर्ट केला (आजारी म्हणून नोंद केली) तर रेलिगेट होईन, कुणाला सांगू नकोस" म्हणाला. बाम मागवलाय. पाठवू?

पहाटवारा
बाम पाठवू नका ताई, वेदनाशामक गोळ्याही नकोत. दुखणं झाकलं जाईल आणि तो त्याच पायावर पळत राहील.
त्याला दोन गोष्टी तपासायला सांगा. नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरवलं की वीतभर पट्टा दुखतो, की एकाच नाण्याएवढ्या जागी कळ येते? आणि दुखणं फक्त पळताना आहे, की चालताना आणि रात्री झोपेतही? लांब पट्टा आणि फक्त पळताना असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज, काही दिवसांच्या विश्रांतीने बसते. एकच ठिपका, रात्रीही ठणका, एका पायावर उडी मारता न येणं ही हाडाला बारीक तडा गेल्याची लक्षणं. दोन्हींत एमआय रूमला (अकादमीतला दवाखाना) जायचंच, फक्त दुसऱ्यात उद्या सकाळीच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून तो साफ आला आणि दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवायचं. अशा वेळी एमआरआयमध्ये कळतं.
रेलिगेशनच्या भीतीचा हिशोब त्याच्यापुढे मांडा. आज दाखवलं आणि सूजच निघाली तर पीटीतून थोड्या दिवसांची सूट. तडा असेल तर सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवडे. तेच लपवलं आणि हाड पूर्ण मोडलं तर शस्त्रक्रिया, काही महिने, आणि मग वैद्यकीय श्रेणीचाच प्रश्न. रेलिगेशनची शक्यता दाखवल्याने वाढत नाही, उशिराने वाढते. तारखेसह नोंद झालेली दुखापत प्रशिक्षणात झाली हेही कागदावर राहतं.

चौथी_घंटा
यात भर एवढीच: त्याच्या पाठीमागे तुम्ही आत्ताच कंपनीत फोन करू नका, त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. त्याला मुदत द्या. "मंगळवारपर्यंत तू दाखव, नाहीतर मी कळवणार" असं स्पष्ट सांगून ठेवा, आणि नाही दाखवलं तर खरंच कळवा.

निळी_शाई
बाम परत कपाटात ठेवला. आज संध्याकाळी पाच मिनिटं मिळणार आहेत म्हणाला होता. नाण्याएवढी जागा की पट्टा हे आधी विचारते, मग मंगळवारचं सांगते. काय निघालं ते इथेच लिहीन.