स्लाव्हांची गाय घरची की शेजारची?

शेंडीवाला:
स्लाव्ह भाषांतले हे शब्द बघा: रशियन 'कारोवा', पोलिश 'क्रोवा', चेक 'क्राव्हा', तिन्ही म्हणजे गाय. मूळ अर्थ बहुधा 'शिंगवाली'. लॅटिनमधलं हरीण 'केर्वुस' याच धातूतलं. संस्कृतात या धातूतल्या 'क'चा 'श' झाला: शृंग, म्हणजे आपलं शिंग. स्लाव्ह भाषांत 'स' व्हायला हवा, आणि होतोही. पोलिश 'सार्ना' हे एक छोटं हरीण. मग नेमका गायीतच 'क' कसा टिकला? माझ्या मते हा शब्द पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांकडून आला, गायीसकट. गाढव तर उघड उसनं: रशियन 'ओस्योल' गॉथिक या जुन्या जर्मन कुळातल्या भाषेवरून, गॉथिकमध्ये लॅटिनवरून.

तांबडी माती:
गाढवाचं मान्य, ते तिकडचं जनावरच नव्हे. गायीचं मात्र काहीही हं! संस्कृत 'अश्मन्', लिथुआनियन (स्लाव्ह भाषांची जवळची नातलग) 'अक्मुओ', रशियन 'कामेन'. इथेही 'क' टिकलाय. म्हणजे दगडसुद्धा शेजाऱ्याकडून मागून आणले का? शिवाय लिथुआनियनमध्ये त्याच धातूचा 'अश्मेनिस' (पात्याची धार) आहेच. एकाच घरात दोन्ही उच्चार नांदत होते. आणि गुरांसाठी घरचा शब्द होताच की: सर्बियन 'गोवेदो', रशियन 'गोव्यादिना' (गोमांस). हा तर आपला 'गो'!

शेंडीवाला:
दगडाला उत्तर नाही माझ्याकडे. पण हंस घ्या. लिथुआनियन 'झांसिस' नियमाप्रमाणे ('ग'चा 'झ'), रशियन 'गूस' मात्र 'ग' धरून, जर्मन 'गान्स'सारखा. पाळीव पक्षी शेजाऱ्याकडून येणं अवघड आहे का?

तांबडी माती:
पक्षी येईल हो. पण हंस रानातही होते, थव्यानं डोक्यावरून जात होते. नाव ठेवायला जर्मन कशाला हवेत?

पाटलाचा वाडा:
दोघेही शब्द आला की जनावरही आलं असं धरून चाललाय. रशियन 'लोशद' (घोडा) तुर्की भाषांतून आला, पण त्याआधी 'कोन' होताच. दोन्ही आजही चालतात. याउलट 'अश्व'च्या कुळातला शब्द स्लाव्ह भाषांत उरलाच नाही. म्हणून त्यांनी घोडा पाहिला नव्हता म्हणायचं? आणि पोलिश 'बिद्वो' (गुरंढोरं) बघा: 'असणं, राहणं' या क्रियापदावरून आधी वास्तव्य, मग मालमत्ता, मग गोठ्यातली गुरं. उसनवारी शून्य.

शेंडीवाला:
'बिद्वो' झकास! पण गायीवरून मी हटत नाही. 'सार्ना'तला 'स' कुठून आला तेवढं सांगा.