प्रति: एआयएफएफ नेहमी बिग-एन्डियनच?
ऑडिओ फाइल वाचताना ‘वेव्ह लिटल-एन्डियन (आकड्याचा खालचा बाइट आधी), एआयएफएफ बिग-एन्डियन (वरचा बाइट आधी), एवढं धरून चाला’ हे वर म्हटलंय ते साध्या एआयएफएफपुरतंच खरं. एआयएफएफ-सी (एआयएफएफचा कॉम्प्रेशन टाइप नोंदवणारा प्रकार) फाइलच्या कॉम चंकमध्ये (ध्वनीच्या स्वरूपाची माहिती असलेल्या भागात) कॉम्प्रेशन टाइप ‘एसओडब्ल्यूटी’ असेल तर सॅम्पल्स (आवाजाचे आकडे) लिटल-एन्डियन असतात, हेडर मात्र बिग-एन्डियनच राहतं. हे न बघता बाइट उलटवले की हळू भागातही मोठ्याने खरखर, कारण खालचा बाइट वर जाऊन बसतो.

आणि आपलं मशीन लिटल-एन्डियन की बिग-एन्डियन हे इफडेफने (कोडमधली कंपाइल करतानाची अट) तपासत बसायची गरजच नाही. सॅम्पल २४ बिट लिटल-एन्डियन असेल तर तिन्ही बाइट आधी अनसाइन्ड (बिनचिन्ह) ३२ बिटमध्ये घ्या (नाहीतर २४ ने सरकवताना ओव्हरफ्लो), क्रमाने ८, १६, २४ ने डावीकडे सरकवून जोडा, साइन्ड (अधिक-उणे चिन्हासह) करून ८ ने उजवीकडे आणा. नेहमीच्या कंपायलरवर चिन्ह आपोआप टिकतं. बिग-एन्डियनला फक्त आकडे उलटे: २४, १६, ८.